गडगा काढून भिंत घालताना: घराच्या कुंपणाचे नियम, मोजणी आणि शेजार

पाखाडी
४ जानेवारी, रात्री ९.१५

सर्वांना नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीच्या हद्दीत आमचे वडिलोपार्जित घर आहे. आईवडील तिथे राहतात, मी पुण्यात असते. जागा साडेसात गुंठे आणि कोपऱ्यावरची आहे. पूर्वेला व उत्तरेला रस्ता, उरलेल्या दोन बाजूंना शेजारी. चारही बाजूंना आजोबांनी घातलेला जांभ्याचा कोरडा गडगा, म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय नुसते चिरे रचून केलेले कुंपण, आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत तो तीन ठिकाणी ढासळला, मोकाट गुरे आत शिरली आणि वडिलांनी जपलेली सुपारीची रोपे मोडून गेली. वडील आता ७६ वर्षांचे आहेत. दर दिवाळीनंतर पडलेला गडगा रचून घेणे त्यांना झेपत नाही आणि ते काम जाणणारे गडीही पूर्वीसारखे मिळत नाहीत. म्हणून सगळा गडगा काढून सहा फूट उंचीची सिमेंटची भिंत घालावी, असे त्यांनी ठरवले आहे.

अडचण पश्चिमेच्या बाजूला आहे. तिथले शेजारी काका म्हणतात की गडगा मुळातच दीड हात त्यांच्या जागेत आलेला आहे आणि त्यावर पक्की भिंत उभी राहिली तर तीच हद्द कायमची होईल. वडिलांचे आणि त्यांचे लहानपणापासूनचे येणेजाणे. गणपतीत दोन्ही घरच्या आरत्या एकत्र होत आल्या. गेला महिनाभर दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. शिवाय दक्षिणेच्या कडेने, आमच्याच जागेतून, विहिरीकडे जाणारी एक पायवाट आहे. मागची तीन घरे ती वापरतात आणि वडिलांच्या मनातल्या आखणीत ती भिंतीच्या आत जाते.

भिंतीला परवानगी कोणाची लागते, उंचीला मर्यादा आहे का, हद्द ठरवायला सातबारा पुरेसा आहे का आणि ती पायवाट आम्हाला बंद करता येते का, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी हे सारे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वास्तुरेखा
४ जानेवारी, रात्री १०.४०

मी कोल्हापुरात वास्तुविशारद म्हणून काम करते, त्यामुळे उंची आणि परवानगी या दोन प्रश्नांपुरते लिहिते.

बृहन्मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे सोडली तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आम्ही तिला यूडीसीपीआर म्हणतो. नगरपंचायतीलाही तीच लागू होते. तिच्यानुसार आवारभिंतीची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटर, म्हणजे साधारण पाच फूट, याहून अधिक असू नये. २.४ मीटरपर्यंत जाता येते, परंतु वरचा ०.९ मीटरचा भाग जाळीचा किंवा गजांचा, म्हणजे आरपार दिसेल असा असावा लागतो. तेव्हा सलग सहा फुटी भिंत नियमात बसत नाही.

तुमची जागा कोपऱ्यावरची असल्याने आणखी एक अट येते. दोन रस्ते जिथे मिळतात तिथून दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत पक्की भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फूटच ठेवायची असते. त्यावर हवे असेल तर आणखी ०.७५ मीटर उंचीचे गज लावता येतात. वळणावर येणाऱ्या गाडीला पलीकडून येणारे मूल किंवा सायकल दिसली पाहिजे, हे या अटीचे कारण आहे. फाटक आतल्या बाजूलाच उघडले पाहिजे, रस्त्यावर नाही, हेही त्याच नियमात आहे.

नगरपंचायतीच्या बांधकाम विभागाकडे आखणीच्या नकाशासह लेखी अर्ज करा आणि त्याच वेळी विकास योजनेत तुमच्या दोन्ही रस्त्यांचे रुंदीकरण दाखवले आहे का, हेही विचारून घ्या. रुंदीकरणाच्या रेषेत उभी राहिलेली भिंत पुढे पाडावी लागते आणि परवानगीविना बांधलेल्या भिंतीसाठी १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस येऊ शकते.

चिरेबंदी
४ जानेवारी, रात्री ११.०५

परवानगीचे पुढे पाहता येईल, पण तो गडगा काढू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. सविस्तर उद्या लिहितो.

साखळी_फलक
५ जानेवारी, सकाळी ७.३०

भूमी अभिलेख खात्यात ३१ वर्षे भूकरमापक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. पाखाडीताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: सातबाऱ्यावर हद्द नसते. सातबारा क्षेत्र आणि हक्क सांगतो. साडेसात गुंठे कोणाचे, हे त्यावरून कळते. ते जमिनीवर कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे कळत नाही. तुमच्या गावात नगर भूमापन झालेले असेल तर सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका असेल, आणि तिच्याबद्दलही हेच म्हणावे लागेल.

हद्द कायम करायची असेल तर उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा लागतो. आता तो ई-मोजणी या ऑनलाइन प्रणालीवर भरतात आणि पूर्वीच्या साधी, तातडी, अतितातडी या प्रकारांच्या जागी नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार राहिले आहेत. अर्जदाराबरोबर लगतच्या कब्जेदारांनाही मोजणीच्या तारखेची नोटीस जाते. त्या दिवशी शेजारी हजर असणे तुमच्याच हिताचे आहे, म्हणून नोटिशीवर विसंबून न राहता स्वतः त्यांच्या घरी जाऊन तारीख सांगा. मोजणीनंतर हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात आणि नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती हातात आल्याशिवाय पायाची कुदळ मारू नये. शेजाऱ्यांना मोजणी मान्य नसेल तर ते निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागू शकतात. ती वरिष्ठ अधिकारी करतात.

काकांचे म्हणणे चुकीचे असेलच असे धरून चालू नका. मूळ मोजणी झाली ती शंकू-साखळीने. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा. ती मोजणी तिच्या काळाच्या मानाने फार काटेकोर होती, पण गडगा घालणारा माणूस साखळी घेऊन घालत नसे. वाटेत कातळ आला, झाड आले, की तो वळवून घेत असे. मी मोजलेल्या कोकणातल्या जागांमध्ये गडगा आणि नकाशातली रेषा शेवटपर्यंत जुळलेली क्वचितच पाहिली. बहुतेक ठिकाणी तो एका टोकाला याच्या जागेत आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या जागेत असे.

पाखाडी
५ जानेवारी, दुपारी १.२०

वास्तुरेखाताई आणि साखळी_फलककाका, मनापासून आभार. कोपऱ्याची अट आम्हाला मुळीच ठाऊक नव्हती. रस्त्याच्या मध्यरेषेपासून उंची मोजायची म्हणता, पण आमचे अंगण रस्त्यापेक्षा जवळजवळ अडीच फूट उंच आहे. मग आतून भिंत अडीच फुटीच दिसेल. गुरे ती सहज ओलांडतील.

ओतूरकर
५ जानेवारी, दुपारी ३.००

मी जुन्नर तालुक्यातला. पाच फुटांची मर्यादा शहरात बसून ठरवलेली वाटते, हे स्पष्टच लिहितो. आमच्याकडे उसात बिबट्याचा वावर आहे. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आमच्याच तालुक्यात आहे, यावरून काय ते समजावे. संध्याकाळी अंगणात लहान मुले असतात, दावणीला शेळ्या असतात. वस्तीवरच्या घराला आणि पुण्यातल्या बंगल्याला एकच माप लावणे मला योग्य वाटत नाही. वृद्ध आईवडील एकटे राहत असतील तर भिंत उंचच हवी.

वास्तुरेखा
५ जानेवारी, सायंकाळी ६.१०

ओतूरकर, तुमची काळजी खरी आहे, परंतु नियम तुम्हाला आठ फुटांपर्यंत जाऊ देतो. वरचे तीन फूट आरपार दिसणारे ठेवा, एवढेच त्याचे म्हणणे आहे. बिबट्याच्या बाबतीत तर हे अधिकच सोयीचे आहे. सलग आठ फुटी भिंतीच्या आड काय दबा धरून बसले आहे, ते घरातल्या माणसालाही दिसत नाही. वृद्धांच्या सुरक्षिततेचेही तसेच आहे. उंच भिंतीच्या आत शिरलेला चोर रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाच्याही नजरेस पडत नाही, आणि अंगणात पडलेली म्हातारी बाईही पडत नाही.

पाखाडी, अंगण रस्त्यापेक्षा उंच असेल तर अंगणाची माती धरणारी भिंत आणि तिच्यावरचे कुंपण हे दोन भाग नकाशात वेगवेगळे दाखवा. १.५ मीटरपेक्षा अधिक उंचीसाठी विशेष परवानगीची तरतूद त्याच नियमात आहे. उताराची जागा हे ती मागण्याचे रास्त कारण आहे, मात्र परवानगी लेखी घ्या. गुरांसाठी वरची जाळी पुरेशी होईल.

ओतूरकर
५ जानेवारी, रात्री ८.४५

वरचा भाग जाळीचा ठेवून आठ फूट मिळतात, हे मला माहीत नव्हते. माझे वरचे म्हणणे त्या मर्यादेत दुरुस्त समजावे.

वहिवाट
५ जानेवारी, रात्री ९.३०

मी दिवाणी न्यायालयात वकिली करतो. पायवाटेचा प्रश्न सर्वांत नाजूक असून त्यावर अजून कोणी लिहिलेले नाही.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार एखादी वाट शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे वापरली गेली असेल तर वापरणाऱ्याला तिच्यावर हक्क मिळू शकतो, जमीन कोणाच्याही नावावर असो. परवानगीने वापरलेली वाट आणि हक्काने वापरलेली वाट यांत फरक असतो आणि न्यायालयात सगळा वाद त्याच फरकावर होतो. तिन्ही घरे आजोबांच्या काळापासून विहिरीवर जात असतील तर ती वाट भिंतीने बंद करणे म्हणजे तीन दावे ओढवून घेणे आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार अडथळा दूर करू शकतात आणि त्यासाठी सहा महिन्यांत जावे लागते, असे बरेचजण ऐकून असतात. पण तो मार्ग मुख्यतः शेतजमिनीच्या वाटेसाठी आहे. राहत्या घरांच्या वाटेचा वाद दिवाणी न्यायालयातच जातो आणि तिथे तो किती वर्षे चालेल, हे मी सांगू शकत नाही.

काकांची भीतीही निराधार नाही. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे दुसऱ्याच्या जागेवर उघडपणे आणि त्याच्या हक्काविरुद्ध १२ वर्षे ताबा राहिला तर मूळ मालकाचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. गडग्याच्या बाबतीत लोक समजुतीने घेतात. सिमेंटची भिंत दिसली की तेच लोक वकिलाकडे येतात. आपला मित्र आपल्यावर अविश्वास दाखवतो आहे, असे तुमच्या वडिलांना वाटत असेल, तर काका आपल्या मुलांचा विचार करत आहेत, हे त्यांना समजावून सांगा.

चिरेबंदी
६ जानेवारी, सकाळी ६.५०

परवा म्हटल्याप्रमाणे गडग्याबद्दल लिहितो. माझे वडील आणि आजोबा दोघेही गडगे घालायचे काम करत. मीही विशीपर्यंत त्यांच्या हाताखाली केले.

कोरडा गडगा ढासळतो, हा त्याचा दोष मानला जातो. पण तो का ढासळतो, ते पाहावे. कोकणात चार महिन्यांत जेवढे पाणी पडते ते उतारावरून खाली जाणारच. गडग्याच्या सांध्यांतून ते झिरपून जाते. जिथे लोंढा मोठा येतो तिथे चार चिरे सुटतात, पाणी निघून जाते आणि उरलेला गडगा उभा राहतो. पाणी ओसरल्यावर तेच चिरे उचलून परत रचता येतात, नवीन काही विकत आणावे लागत नाही. सलग भिंत ते पाणी अडवते. मागची माती फुगते, भिंत कलते, आणि एके रात्री दहा-वीस फूट एकदम खाली येते. तिचे तुकडे मग कशाच्याही उपयोगाचे नसतात. शिवाय त्या सांध्यांत मुंगूस असते, सरडे असतात, पावसाळ्यात नेचे उगवतात. हे मी हौसेने सांगत नाही; सुपारीच्या बागेला त्याचा उपयोग असतो.

गडगा दरवर्षी पडत असेल तर बहुतेक वेळा त्याचा पाया खचलेला असतो किंवा माथ्यावरचे मोठे, जड चिरे कोणीतरी चौथऱ्यासाठी काढून नेलेले असतात. गडगा खाली रुंद आणि वर अरुंद हवा, उभे सांधे एकावर एक न येता तुटक हवेत आणि मध्ये मध्ये गडग्याच्या पूर्ण जाडीचा एक लांब चिरा आरपार बसवलेला हवा. या तीन गोष्टी पाहून घ्या. पडलेल्या तीन जागा तेवढ्या पायापासून नव्याने घातल्या तरी भागेल, असा माझा अंदाज आहे.

पायाखालची_जमीन
६ जानेवारी, सकाळी १०.१५

चिरेबंदी यांनी पाण्याबद्दल लिहिले ते स्थापत्य अभियंता म्हणून मी शब्दशः मान्य करतो. २०१९ च्या जूनअखेरीस पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची आवारभिंत पावसात मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ माणसे गेली. त्यानंतर तीनच दिवसांत मालाडच्या पिंपरीपाड्यात डोंगरावरच्या जलाशयाची भिंत वस्तीवर कोसळली आणि २० हून अधिक माणसे दगावली. भिंत पडते तेव्हा ती बहुधा खालच्या बाजूला, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगावर पडते.

म्हणून उतारावर भिंत घालायचीच असेल तर तिच्यात दर पाच-सहा फुटांवर निचऱ्याची भोके ठेवा, भिंतीच्या मागे खडीचा थर भरा, लांब भिंतीत ठरावीक अंतरावर जोड मोकळे सोडा आणि पाया मुरुमापर्यंत न्या. आवारभिंतीला आराखड्याची गरज नसते, ही समजूत सोडून द्यावी. मागे तीन फूट माती असलेली भिंत माती धरून ठेवण्याचे काम करते आणि तिचे गणित वेगळे असते.

वऱ्हाडवाट
६ जानेवारी, दुपारी १२.००

विषय घराच्या कुंपणाचा आहे, तरी एक सूचना करतो, कारण गुरे आणि रानडुकरे म्हटली की तारेत वीज सोडण्याची कल्पना कोणाला ना कोणाला सुचते. आमच्या यवतमाळकडे घर शेतातच असते. सौर ऊर्जेवरचे झटका मशीन वेगळे. त्यात क्षणभराचा झटका बसतो, जनावर मागे सरते आणि जीव जात नाही. त्यासाठी वनविभागाच्या जनवन योजनेतून अनुदानही मिळत आले आहे. घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणे हा मात्र सरळ गुन्हा आहे. कोणी मेले तर भारतीय न्याय संहितेखाली मनुष्यहानीचा खटला उभा राहतो. आमच्या शिवारात पहाटे पाणी द्यायला निघालेला एक सालगडी अशा तारेला चिकटून गेला. त्याची दोन मुले आता माझ्या भावाच्या घरी शिकतात. याहून अधिक लिहिवत नाही.

हिरवीवई
६ जानेवारी, दुपारी ४.३५

भिंत की गडगा, यांपलीकडे वईचाही विचार व्हावा. रस्त्याच्या बाजूला भिंत घाला, पण शेजाऱ्याच्या बाजूला जिवंत कुंपण चालणार नाही का? गिरीपुष्पाच्या किंवा पांगाऱ्याच्या काठ्या पावसाच्या तोंडावर रोवल्या की त्या जगतात, आणि तीन वर्षांत त्यांना तार बांधता येते. कोयनेल गुरे खात नाहीत आणि ती छाटून हव्या त्या उंचीवर ठेवता येते. करवंद काटेरी आणि चिवट असते, पण सावकाश वाढते. शेराचे कुंपण जुन्या लोकांनी फार वापरले. मात्र त्याचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून लहान मुले असलेल्या घरी मी तो सुचवणार नाही.

जिवंत कुंपणाचा दुसरा गुण असा की मोजणीत हद्द दोन फूट सरकली तर झाडे सरकवता येतात. पक्क्या भिंतीच्या बाबतीत ते शक्य नसते.

माझा एक प्रश्न आहे. शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी आपल्या हद्दीत आली तर ती तोडता येते का?

वहिवाट
६ जानेवारी, रात्री ८.००

आपल्या हद्दीत आलेला भाग छाटण्याचा हक्क न्यायालयांनी सामान्यतः मान्य केला आहे. झाडाला इजा होईल असे तोडणे किंवा शेजाऱ्याच्या जागेत शिरून तोडणे, हा हक्क त्यात येत नाही. परंतु नागरी क्षेत्रात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, त्यामुळे आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी. भिंतीच्या रेषेत येणारे झाड पाडायचे असेल तर ही परवानगी अत्यावश्यक आहे. पाखाडी, तुमच्या रेषेत झाड आहे का?

पाखाडी
६ जानेवारी, रात्री ९.१०

हो. पश्चिमेच्या गडग्याला अगदी लागून जुना कापा फणस आहे. तो कोणाचा, हे आजवर कोणी विचारले नव्हते.

मँचेस्टरकर
७ जानेवारी, रात्री १.२०

इंग्लंडमधला अनुभव तुलनेसाठी देतो. इथे घराभोवती दोन मीटरपर्यंतच्या कुंपणाला वेगळी परवानगी लागत नाही. वाहनांच्या रस्त्यालगत मात्र ही मर्यादा एक मीटरच आहे. म्हणजे वळणावर दिसले पाहिजे, हा विचार इथेही आहे. घर घेतल्यावर मला वाटले होते की जमीन नोंदणीच्या नकाशात हद्द नेमकी असेल. तसे नसते. इथला कायदाही त्या रेषेला सर्वसाधारण हद्दच मानतो. कुठले कुंपण कोणी राखायचे, हे काही जुन्या खरेदीखतांच्या नकाशात इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या खुणेने दाखवलेले असते. खूण ज्याच्या बाजूला, जबाबदारी त्याची. आमच्या खतात ती खूण नव्हती, म्हणून शेजारच्या आजींशी बोलून आम्ही खर्च निम्मा निम्मा केला आणि दोघांच्या सह्यांचे एक पत्र करून ठेवले.

सॅनहोजेवासी
७ जानेवारी, सकाळी ८.४०

कॅलिफोर्नियात हा निम्मा वाटा कायद्यातच आहे. सामाईक कुंपणाचा लाभ दोन्ही शेजाऱ्यांना सारखाच होतो, असे गृहीत धरले जाते आणि काम करण्यापूर्वी ३० दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. ती सूचना लिहिताना माणसाला शेजाऱ्याच्या दाराशी जावेच लागते, हा तिचा खरा उपयोग मला वाटला.

दोन_फूट
७ जानेवारी, सकाळी ११.३०

एवढे सगळे वाचून आमच्या घरी घडलेले लिहावेसे वाटले. नाशिकजवळ आम्ही बिगरशेती झालेला भूखंड घेतला. विकणाऱ्याने खुंट्या दाखवल्या, आम्ही त्या खऱ्या मानल्या आणि मोजणी न करता चारही बाजूंनी भिंत घातली. चार वर्षांनी मागच्या भूखंडाच्या मालकाने मोजणी आणली, तेव्हा आमची भिंत तिकडच्या कोपऱ्यात दोन फूट पुढे असल्याचे निघाले. आम्ही निमताना मागितली, तिचाही निकाल तोच आला. भिंत पाडली, नवीन बांधली. पहिल्यांदा आलेल्या खर्चापेक्षा दुसऱ्यांदा जास्त आला. पैशाचे दुःख काही काळाने कमी झाले, पण त्या माणसाला आम्ही त्या चार वर्षांत अनेकदा खोटारडा म्हटले होते आणि तो खरे बोलत होता, याची बोच अजून जात नाही. पाखाडीताई, कृपा करून मोजणी आधी करून घ्या.

साखळी_फलक
७ जानेवारी, दुपारी १२.१५

दोन_फूट, अशा प्रकरणांत पुष्कळ माणसे निमतानानंतरही मान्य करत नाहीत. तुम्ही केलेत, हे थोडे नाही. नवीन भूखंड घेणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे की खरेदीखतापूर्वी मोजणी करून घ्यावी. खुंटी उपटून दोन हात पुढे रोवायला कोणालाही पाच मिनिटे लागतात. सरकारी हद्दीच्या खुणेचा दगड हलवणे हा मात्र महसूल अधिनियमाप्रमाणे दंडनीय अपराध आहे.

पाखाडी
७ जानेवारी, रात्री १०.००

सर्वांचे प्रतिसाद छापून वडिलांना वाचायला पाठवले आहेत. त्यांनी दोन_फूट यांचा प्रतिसाद दोनदा वाचला, असे आईने सांगितले. मोजणीचा अर्ज भरते आहे. काय होते ते इथेच कळवीन.

पाखाडी
१९ मे, सायंकाळी ७.३०

चार महिन्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. मोजणी मार्चच्या शेवटी झाली. साखळी_फलककाकांनी सांगितल्याप्रमाणे वडील स्वतः तारीख सांगायला काकांकडे गेले. उंबऱ्यातच बोलणे झाले, पण झाले. मोजणीच्या दिवशी काका सकाळपासून हजर होते.

गडगा रस्त्याच्या टोकाला काकांच्या जागेत पावणेदोन फूट गेलेला निघाला आणि विहिरीच्या टोकाला आमच्या जागेत जवळजवळ एक फूट आत आलेला निघाला. काकांचे म्हणणे खरे होते आणि अर्धवटही होते. ‘क’ प्रतीवरची सरळ रेषा दोघांनी मान्य केली आणि मँचेस्टरकरांनी लिहिल्याप्रमाणे दोघांच्या सह्यांचे पत्र करून ठेवले. पश्चिमेला सिमेंट घातलेले नाही. जुनेच चिरे वापरून नव्या रेषेवर कोरडा गडगा घातला, खाली रुंद, वर अरुंद, पूर्ण जाडीचे चिरे आरपार बसवून. चिरेबंदी यांनी फोनवर जो कारागीर सुचवला, तो देवरुखहून येऊन पंधरा दिवस राहिला. खर्च दोन्ही घरांनी निम्मा उचलला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नगरपंचायतीच्या परवानगीने भिंत घातली. कोपऱ्यापासून १० मीटरपर्यंत अडीच फूट पक्की आणि वर गज, पुढे नियमाप्रमाणे उंच. निचऱ्याची भोके ठेवली, मागे खडी भरली. उत्तरेच्या रस्त्याचे रुंदीकरण विकास योजनेत दाखवलेले निघाले, म्हणून तिथे भिंत सव्वा मीटर आत घ्यावी लागली. वडिलांना ते जड गेले. दक्षिणेची पायवाट चार फूट रुंद मोकळी सोडून कुंपण तिच्या आतल्या बाजूने नेले आहे.

वास्तुरेखा
१९ मे, रात्री ८.१५

वाचून फार समाधान वाटले. परवानगीचे पत्र, मंजूर नकाशा आणि ‘क’ प्रत यांच्या प्रती घरच्या कागदपत्रांत एकत्र ठेवा. पुढे घरावर मजला चढवायचा झाला तरी लागतील.

चिरेबंदी
१९ मे, रात्री ९.००

पहिल्या दोन पावसांनंतर गडग्याच्या पायाशी जाऊन पाहा. कुठे माती वाहून जाताना दिसली तर लगेच दगडाच्या कपच्या ठोकून घ्या. पहिल्या पावसाळ्यात तो थोडा बसतो, त्याने घाबरून जाऊ नका.

हिरवीवई
१९ मे, रात्री ९.२०

आणि फणसाचे काय झाले?

पाखाडी
१९ मे, रात्री ९.४५

फणसाचे खोड बरोबर नव्या रेषेवर आले. गडगा त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट अलीकडेच थांबवला आहे, मुळांना चिरा लागू नये म्हणून. त्या मोकळ्या जागेत वडील आणि काका मिळून दरवर्षी गिरीपुष्पाच्या काठ्यांची वई घालणार आहेत. या वर्षीचे फणस आईने आणि काकूंनी झाडाखालीच बसून वाटून घेतले.